आतली शिलाई

३ फेब्रुवारी

आत्या,

आधी नमस्कार, मग तक्रार. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानं भरतेस, म्हणून लिहायला बसले आहे. परवा मी म्हणाले, साचेवाला शिंकतोय, तर तू "कोण विकतोय?" म्हणून घर डोक्यावर घेतलंस, असं तुझ्या सूनबाईनं कळवलं. कुणी काही विकत नाहीये. निवांत राहा.

तू लेकाकडे राहायला गेल्याला पाच महिने झाले. आपला चार माणसांचा कारखाना अजून उभा आहे. काल एक बाई जिना चढून वर आली आणि टाचेचे सँडल आहेत का म्हणून विचारायला लागली. तिला बसवून सांगितलं की इथे दुकानातले बूट ज्यांना चालत नाहीत त्यांचेच बूट होतात. एक पाय आखूड, पाऊल आत वळलेलं, नाहीतर साखरेच्या आजारानं तळव्याला काही कळेनासं झालेलं. ती बिचारी स्वतःच्या धडधाकट पायांकडे बघत, अपराध केल्यासारखी खाली उतरली.

आता तक्रार. जीजीची.

दोन महिन्यांत तीन जोड परत आले. तिन्ही वेळा तिनं केलेली आतली शिलाई. एकात अस्तराला वळी पडली होती, एकात टाका सुटला होता, आणि ग्रंथालयातल्या त्या बाईंच्या बुटात दोऱ्याची गाठ होती, मोहरीएवढी. बाई म्हणाल्या, "दिवसभर कुणीतरी बोट टोचत असल्यासारखं वाटतं." त्यांना वाटलं तरी. आपल्या निम्म्या गिऱ्हाइकांना तेवढंही वाटत नाही, हे मी तुला काय सांगायचं.

तुझ्या वेळी असा एक जोड परत आलेला मला आठवत नाही. मग माझ्याच वेळी कसा येतो? खरं सांगू, तिला मी मालकीण म्हणून चालत नाही. लहानपणी जिनं मला मांडीवर घेऊन सुईत दोरा ओवायला शिकवला, ती तू गेल्यापासून मला 'तुम्ही' म्हणते. त्या 'तुम्ही'ला धार आहे. काम मुद्दाम बिघडवते असं म्हणवत नाही, पण मनापासून करत नाही एवढं नक्की.

कातडं हाताळायला तू मला शिकवलंस, गिऱ्हाइकाच्या पायाला न लाजवता माप घ्यायला शिकवलंस. माणसाला 'आता पुरे' कधी म्हणायचं, ते राहूनच गेलं. तेवढं लिही.

तुझी,
चिंगी

१४ फेब्रुवारी

चिंगे,

पत्र पोचलं. सूनबाई काहीही कळवू दे, मी घर डोक्यावर घेतलं नव्हतं, फक्त खुर्चीतून उठले होते. या घरात माझं तेवढंच पुष्कळ मानतात.

जीजीचं मनाला लावून घेऊ नकोस. ती 'तुम्ही' म्हणते कारण तिला रीत कळते. मी गेल्यावर तू मालकीण झालीस, ते तिनं तुझ्याआधी मान्य केलं आहे, असं समज. तिच्या मनात तुझ्याबद्दल वाकडं असायचं काही कारण नाही. सव्वीस वर्षं ती त्या मशीनवर बसली आहे. आली तेव्हा आपल्याकडे दोन खुर्च्या आणि एक खिडकी होती, आणि पावसाळ्यात छप्पर आणि खिडकी दोन्ही गळत होतं.

काही गोष्टी करून बघ. तिची मशीन खिडकीजवळ हलव. काळं कातडं तिला देऊ नकोस, त्यावर टाका दिसत नाही. दोरा जाड आण. आणि एक काम तू रोज करत जा. जोड बाहेर जाण्याआधी प्रत्येक बुटात हात घालून बघ, अगदी पुढच्या टोकापर्यंत. सकाळी कुणी यायच्या आधी बघत जा. तिच्यासमोर नको.

माणसं काढण्याबद्दल विचारलंस. मी एकालाच काढलं आहे, त्या पॉलिशवाल्याला. तो आपलं कातडं परस्पर बाहेर देत होता. सकाळी कळलं आणि दुपारी तो जिना उतरला. मला वाईटसुद्धा वाटलं नाही. लबाड माणसाला काढणं सोपं असतं गं. त्याच्यापुढचं मला येत नाही, म्हणून शिकवलंही नाही.

वहिनीच्या कमरेचं काय झालं ते तू लिहिलंच नाहीस.

आत्या

९ मार्च

आत्या,

आईची कंबर तशीच आहे, डॉक्टर मात्र बदलला.

तू सांगितलंस ते सगळं केलं. मशीन खिडकीशी नेली, दिवा आणला, जाड दोरा आणला. सकाळी लवकर येऊन प्रत्येक जोडात हात घालते. आत्या, सातातले चार मला बाजूला ठेवावे लागतात. ते साचेवाला उसवून पुन्हा शिवतो. त्याचं काम बुटांच्या साच्याचे लाकडी पाय घडवायचं. परवा त्यानं रंधा खाली ठेवला आणि म्हणाला, "ताई, मी कधी तोंड उघडत नाही. पण मला दोन माणसांचं काम झेपत नाही. पलीकडच्या रस्त्यावरच्या फर्निचरवाल्यानं दोनदा विचारलंय." तो गेला तर आपल्याला कुलूप लावावं लागेल, हे तुलाही माहीत आहे.

म्हणून काल जीजीशी बोलले. सगळे जेवायला खाली गेल्यावर दार लावून घेतलं. चार बूट टेबलावर ठेवले आणि म्हटलं, "जीजी, जरा आत हात घालून बघता का?"

तिनं घातला. चारीमधून बोटं फिरवली आणि म्हणाली, "ठीक आहेत की."

मी तिचंच बोट धरून गाठीवर टेकवलं. "ही लागत नाही?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाली, "तुम्हाला मी नको असेन तर तसं सांगा. तुमच्या आत्यांनी इतक्या वर्षांत एकदा माझ्या कामाला नाव ठेवलं नाही. एकदासुद्धा नाही. माझ्या हातचा एक जोड परत आला असेल तर त्यांना विचारा."

ढळढळीत गाठीवर बोट ठेवून ती म्हणते, नाही. ह्याला काय म्हणायचं? मला तर हट्ट वाटला. मी तिला एप्रिलअखेरपर्यंतची मुदत दिली आहे. काम सुधारलं तर उत्तम, नाहीतर थांबवायचं. कागदावर लिहून दिलं. तिनं कागदाची घडी केली, ब्लाउजमध्ये ठेवली आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसली. पायाखालचं पॅडल हलत होतं, पण सुईखाली कातडंच नव्हतं.

घरी येऊन मी जेवले नाही. पण माझं चुकलं असं मला वाटत नाही.

चिंगी

१७ मार्च

चिंगे,

जीजीला काढायचं नाही. मुदत वगैरे काही नाही. तो कागद परत घे आणि फाडून टाक. साचेवाल्याला म्हणावं, मी सांगितलंय, थोडं सोस. मी अजून जिवंत आहे आणि पाटीवर अजून माझंच नाव आहे.

तुला समजत नाही ते समजायचा आग्रह धरू नकोस. रोज हात घालून बघ म्हणून सांगितलं होतं, ते कर. तेवढं केलं की काही अडत नाही.

आत्या

६ मे

आत्या,

तुझ्या शब्दाखातर मी कागद परत घेतला होता. तिच्यासमोर फाडला. त्या दिवशी जाताना ती माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

आता पुढचं ऐक. शाळेतले कवायतीचे सर तुला आठवत असतील. उंच, घोगऱ्या आवाजाचे, पैलवानासारखी मान. त्यांना साखर आहे, तळव्यांना काही कळत नाही. मार्चअखेर त्यांचे बूट दिले. गेल्या सोमवारी त्यांची बायको आली. एकटीच होती. पिशवीतून उजवा बूट काढला आणि टेबलावर ठेवला. म्हणाली, "तुम्हाला दाखवावं म्हणून आणला. तुमच्याकडे अजूनही माणसं येतात, म्हणून."

पुढच्या टोकाला, दोन बोटांच्या मध्ये येईल अशा जागी, दोऱ्याची गाठ होती. अस्तरावर वाळलेलं रक्त होतं. सर महिनाभर रोज तो बूट घालून मैदानावर उभे होते. त्यांना काही जाणवलं नाही. मोजा चिकटायला लागला तेव्हा बायकोनं बघितलं. तोवर जखम हाडापर्यंत गेली होती. दोन बोटं कापावी लागली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पाणी मागितलं, प्यायली आणि गेली.

तो जोड मी बघितला होता, आत्या. पण त्या दिवशी आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं. मी घाईत होते, हात टाचेपर्यंत गेला, टोकापर्यंत गेला नाही. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुला पहिल्यांदा लिहिते आहे.

जीजीलाही काही सांगितलेलं नाही. बूट कपाटात ठेवला आहे.

आणि अजून एक. सरांचं कळल्यावर साचेवाला माझ्यापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "ताई, बोलू नये, पण बोलतो. बाई असताना मी कधी लवकर आलो तर त्या आधीच आलेल्या असायच्या. जीजीच्या मशीनवर बसलेल्या. मला बघून उठायच्या. मी कधी विचारलं नाही."

आत्या, जीजीच्या मशीनवर तू काय करायचीस? ह्या वेळी मला गोल गोल उत्तर देऊ नकोस.

चिंगी

१३ मे

चिंगे,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही. ते जाऊ दे. तू विचारलंस त्याचं उत्तर देते.

मी तिचं काम उसवून पुन्हा शिवत होते. नऊ वर्षं.

जीजीचा नवरा गेला आणि पंधरा दिवसांनी ती कामावर आली. त्या आठवड्यात तिचा एक जोड मी सहज हातात घेतला, तर आत बोटाला खडा लागल्यासारखं झालं. वाटलं, दुःखात आहे, आज कशाला बोलायचं. दुसऱ्या दिवशी साडेसहाला आले, उसवलं, शिवलं आणि होतं तसं ठेवून दिलं. आठवडाभराचा प्रश्न आहे असं धरून चालले होते. तो आठवडा काही संपला नाही.

पुढे वर्षा-दोन वर्षांत माझ्या लक्षात आलं की हे दुःखाचं नाही, बोटांचं आहे. टेबलावरची सुई तिला चिमटीत उचलता येईना. बोट ओलं करून ती सुई चिकटवून घ्यायची. चहाचा कप खाली ठेवताना टेबल कुठे आहे ते बघून ठेवायची. बोटांना मुंग्या येतात, असं एक-दोनदा म्हणाली होती. मी म्हणाले, वय झालं आपलं. तेव्हा ती पन्नाशीचीही नव्हती. मी विचारलं असतं तर पुढचं सगळं बोलावं लागलं असतं, म्हणून विचारलं नाही.

आता जे लिहिते ते माझ्या लेकालाही माहीत नाही. त्याच सुमारास मुलींच्या शिवणशाळेतून तिला बोलावणं आलं होतं, शिकवायला. तिथे टाका घालून दाखवावा लागतो, पण हजार टाके घालावे लागत नाहीत. ती मला विचारायला आली, "बाई, जाऊ का?" मला सगळं माहीत होतं, चिंगे. ती आपल्याकडे फार दिवस पुरणार नाही आणि तिथे जन्मभर पुरेल, हे मला माहीत होतं. आणि मी म्हणाले, "तू गेलीस तर मी कुणाकडे बघून डबा खाऊ?" ती हसली आणि राहिली.

त्या वेळी मला ते मायेचं बोलणं वाटलं होतं. तुझे काका गेल्यावर दुपारी माझ्याशी बोलणारं तेवढंच माणूस होतं. मी तिची नोकरी सांभाळते आहे असं मी स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे मी माझी सोबत सांभाळत होते.

तू तिला मुदत दिलीस तेव्हा मी तुझ्यावर चिडले, कारण नऊ वर्षांपूर्वी मी करायला हवं होतं ते तू सहा महिन्यांत करायला निघाली होतीस. मी मध्ये पडले नसते तर सरांचा पाय आज धड असता. टाचेपर्यंत हात गेला म्हणून तू रडत बसू नकोस. ते माझ्या पदरात टाक.

तिला आता थांबव. पण माझं ऐक, उसवल्याचं तिला कळू देऊ नकोस. काम कमी झालंय म्हण, जागा सोडायची आहे म्हण, काहीही म्हण. एक जोड परत आला नाही, एवढ्यावर ती जगते आहे. ते तिच्याकडे राहू दे.

आत्या

२ जून

आत्या,

तू सांगितलंस तसं करता आलं नाही. कसं झालं ते सगळं लिहिते.

तुझं पत्र वाचल्यावर मी आधी तिला हॉस्पिटलात नेलं. ती यायला तयार नव्हती. मी म्हटलं, "आईला दाखवायचं आहे, सोबत चला," आणि तिथे गेल्यावर तिच्याच नावाचा कागद काढला. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि बोटांच्या टोकांना सुई लावत गेले. म्हणाले, "टोचलं की सांगा." ती शाळेतल्या मुलीसारखी ताठ बसून टोचायची वाट बघत होती. तोवर डॉक्टरांनी तिची तीन बोटं टोचली होती.

मनगटातली नस दबली आहे. बऱ्याच वर्षांपासून, म्हणाले. अंगठ्याखालचं मांससुद्धा आटलं आहे. "पहिल्या वर्षा-दोन वर्षांत का नाही आलात? तेव्हा लहानसं ऑपरेशन करून नस मोकळी झाली असती. आता केलं तर दुखणं कमी होईल. बोटांना पुन्हा कळायला लागेल, असं मी सांगू शकत नाही."

जीजी म्हणाली, "काम नीट होत होतं डॉक्टर. मग बोटं बरीच असणार, असं वाटलं."

बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलो. समोरून स्ट्रेचर जात येत होते. मी सुरुवात केली, "जीजी, हल्ली काम जरा कमी..."

"मागच्या आठवड्यात अकरा मापं आली," ती म्हणाली. "तू नीट खोटं बोलायला कधी शिकणार?"

कित्येक महिन्यांनी ती मला 'तू' म्हणाली. मग म्हणाली, "कपाटात बूट आहे. सरांचा. झाडताना दिसला. ती गाठ माझी?"

"हो."

"सरांचं काय झालं?"

मी सांगितलं. तिनं स्वतःच्या बोटांची टोकं एकमेकांवर घासून बघितली. मग हळूच म्हणाली, "तुझ्या आत्याच्या वेळी असं कधी झालं नाही." मी गप्प बसले. गप्प बसायला नको होतं, कारण ती माझ्याकडे वळली. "चिंगे, का झालं नाही?"

आत्या, मी सांगून टाकलं. त्या बाकावर दुसरं काही सुचलं नाही. तिनं दोनच प्रश्न विचारले. "सगळे?" मी म्हटलं, सगळे नसतील, बरेच. "कधीपासून?" मी म्हटलं, तुमचे यजमान गेले तेव्हापासून.

मग ती म्हणाली, "म्हणजे शिवणशाळेचं विचारायला गेले, तेव्हा त्यांना माहीत होतं."

मी मान हलवली. ती उठली, नळावर जाऊन तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि म्हणाली, "तू गाडीनं जा. मी चालत जाते."

शनिवारी ती शेवटचं आली. मशीन पुसली, तेल घातलं, उरलेले दोरे रंगांप्रमाणे डब्यात लावले. सहा महिने पगार चालू ठेवते म्हटलं तर म्हणाली, तीन पुरे. साचेवाला जिन्याच्या तोंडाशी उभा होता. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. ती त्याला म्हणाली, "तुझ्या पाठीवरचं ओझं उतरलं ना," आणि ते तिनं इतक्या प्रेमानं म्हटलं की तो आत जाऊन, ज्याचं काही करायचं नव्हतं असं एक लाकूड तासत बसला.

तुझा पत्ता तिनं मागून घेतला आहे.

चिंगी

२८ जून

बाई,

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. जाड पेन्सिल घेतली की बोटांत धरता येते. अक्षर वाकडं आलं आहे, पण मी ते पुन्हा लिहून काढलेलं नाही.

चिंगीनं मला थांबवलं त्याचा मला राग नाही. तिनं तोंडावर सांगितलं. रडली, पण सांगितलं. तुमच्याबद्दल मात्र काय वाटतं ते मला अजून नीट कळत नाही, म्हणून इतके दिवस गेले.

सकाळी तुम्ही माझं शिवलेलं उसवत होता आणि दुपारी माझ्यासमोर बसून डबा खात होता. मी तुम्हाला विचारायची, कालचे जोड कसे झाले. तुम्ही म्हणायचा, तुझ्या हाताला तोड नाही. मी ते घरी जाऊन लेकीला सांगायची. शेजारणीला सांगायची. एक जोड परत आला नाही, असं मी सगळ्या जगाला सांगत होते. आता रस्त्यानं जाताना वाटतं, ह्यातल्या कुणाकुणाला ठाऊक असेल.

सरांकडे गेले होते. पहिल्यांदा त्यांच्या बायकोनं दारातूनच सांगितलं, झोपलेत. दुसऱ्यांदा आत घेतलं. सर खुर्चीत होते. मी म्हणाले, गाठ माझी होती. ते म्हणाले, "तुम्हाला दिसली नाही का?" मी म्हणाले, मला लागली नाही. ते स्वतःच्या पायाकडे बघून म्हणाले, "मलाही नाही." आता शाळेनं त्यांना सामानाच्या खोलीवर बसवलं आहे. मैदान तिथून दिसतं, म्हणाले.

बाई, शिवलं मी. ते मी कुणावर ढकलत नाही. पण मला माहीत असतं तर मी मशीनला हात लावला नसता. डॉक्टरकडे गेले असते. शिवणशाळेत गेले असते. नाहीतर घरी बसले असते. काय केलं असतं ते माझं मी ठरवलं असतं.

तुम्ही वाईट नाही, हे मला माहीत आहे. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

तुम्ही उत्तर लिहाल. इतक्यात लिहू नका.

जीजी

२० सप्टेंबर

आत्या,

तुझी चारही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला, कारण चारही पत्रांत तू एकच विचारतेस आणि त्याचं उत्तर द्यायला हात होत नव्हता.

आधी बाकीचं सांगते. सरांचे नवे बूट झाले. पुढे जिथे दोन बोटं नाहीत तिथे साचेवाल्यानं मऊ भरण घातलं. प्रत्येक टाका मी बघितला, माझ्यानंतर त्यानं, आणि मग सरांच्या बायकोला म्हटलं, तुम्हीही हात घालून बघा. तिनं बघितलं. सर खोलीत दोन फेऱ्या मारून म्हणाले, "चालतं." पैसे देऊ लागले तेव्हा बायकोनं त्यांचा हात धरला. त्यापलीकडे ती माझ्याशी बोलली नाही.

शिलाईला एक नवी बाई घेतली आहे. हात बरा आहे, तोंड जास्त चालतं. पहिल्याच आठवड्यात एक टाका सुटला होता, तो मी तिला त्याच दिवशी, सगळ्यांसमोर नाही पण तोंडावर, दाखवला. दोन दिवस फुगून बसली. तिसऱ्या दिवशी आपण होऊन विचारायला आली, आज कसं आहे म्हणून. मापांची वही लिहिणारे काकाही हल्ली चष्म्याशिवाय आकडे लिहितात आणि चारचे नऊ करतात. त्यांनाही बोलले. त्यांनी चष्मा बदलला. दर वेळी इतक्यावर भागेल असं नाही, हे मला कळतं.

जीजी शिवणशाळेत चौकशी करून आली. जागा कधीच भरली आहे. हाताचं ऑपरेशन झालं. रात्रीची कळ थांबली, बोटं तशीच आहेत. आता तिच्याच गल्लीतल्या दोघी जणी तिच्या खोलीवर शिकायला येतात. ती खुर्चीत बसून तोंडानं सांगते, त्या शिवतात. टाका नीट आहे की नाही हे ती त्यांनाच विचारते, आणि डोळे मिटून बोट फिरवायला लावते. मी रविवारी जाते. मला 'तू' म्हणते. कधी हसते.

आता तुझा प्रश्न. ती तुझ्याबद्दल काही म्हणते का.

नाही, आत्या. काही म्हणत नाही. मी तुझं नाव काढलं तर ती ऐकून घेते आणि दुसरं काहीतरी बोलायला लागते. तू जुलैत पाठवलेलं पाकीट तिच्या खिडकीत उभं ठेवलेलं मी बघितलं. फोडलेलं नाही. दर रविवारी बघते, तिथेच असतं. खिडकीची धूळ ती पुसते, पाकीट उचलून पुसते आणि परत ठेवते.

तुला बरं वाटेल असं काहीतरी लिहावं, असं फार मनात आलं. दोन ओळी लिहिल्याही होत्या, त्या खोडल्या. तू दिवाणावर पडून हे पत्र वाचशील आणि सूनबाईला दिवा मालवायला सांगशील, ते मला दिसतं. तरी लिहिते आहे.

तिनं तुझ्याबद्दल विचारलं, तर त्याच दिवशी कळवीन.

चिंगी